देवसिंगची ढेप

केळापूरच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथं देवसिंग आड्याचं घर कुणाला विचारावं लागत नाही. पानटपरीसमोर मोटरसायकलवर बसल्याबसल्याच जो सुपारी-तंबाखूचा खर्रा मागतो, तो देवसिंग. टपरी त्याच्या ओट्यावरून दिसते. ओट्यावरून हाक मारली तर टपरीवाला ओ देईल इतकी जवळ. तरी देवसिंग गाडी काढतो, किक मारतो, जातो, खर्रा घेतो अन् गाडी बंदही न करता तसाच परत येतो.

अन् सांगतो काय, तर, "आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पायी तुडवत होते. चालनं आमच्या रगतात हाये."

हे तो गाडीवरून सांगतो.

पण माणूस साधासुधा नव्हे. एकेकाळी पांढरकवड्यापासून वणीपर्यंत शंकरपटात देवसिंगचं नाव भोंग्यावरून घेतलं की लोक हातातला चहा तसाच ठेवून उठायचे. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. दोन बैल, मागं काड्यामुड्याचा हलका छकडा, अन् छकड्यावर उभा धुरकरी. हाकणारा धुरकरी जितका हलका अन् चपळ, तितकी जोडी मोकळी पळते. देवसिंग तेव्हा वेताच्या काठीसारखा होता. दिवसभर वखर, सांजच्याला बैलांमागं पळणं, रात्री भाकरीची चवड फस्त. त्या काळात घरात एक रीत पडली. पटाच्या हंगामात बैलाला ढेप, म्हणजे सरकीची पेंड, अन् धुरकऱ्याला तूप. ताट सगळ्यांत आधी देवसिंगचं वाढायचं, त्याच्या भाकरीवर तुपाची धार, वाटीत वरची तर्री. घरातल्या बाकीच्यांनी नंतर बसायचं. बायकोनं, म्हणजे मोतीबाईनं, सगळ्यात शेवटी.

मग कोर्टानं पट बंद केले. वखराच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला, पायांच्या जागी मोटरसायकल आली. बंद झालं नाही ते एवढंच, धुरकऱ्याचं ताट. धुरा गेला, छकडा सपरीत उलटा पडला, त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या, पण तूप वेळच्या वेळी वितळत राहिलं.

देवसिंग फुगत गेला. आधी पोट, मग मान, मग बोटांतल्या अंगठ्या अडकल्या. तांड्यात मात्र कुणी नाव ठेवलं नाही. उलट लग्नकार्यात भेटणारे म्हणत, "देवसिंगभाऊ, आंग धरलं बाप्पा तुमी. सुखी दिसून राह्यले." तो बिचारा त्याला मानच समजत गेला. मोतीबाईची चोळी दर वर्षी आत शिवावी लागे, तिला कुणी काही म्हणत नसे. बाई म्हटल्यावर ती काटकच असायची, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग बंदी उठली.

देवसिंगच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. त्याचा एक गोऱ्हा होता, पाखऱ्या. मोतीबाईचा धाकटा भाऊ इंद्रजीत, तोही याच तांड्यातला, त्याच्याकडं दुसरा, तुफान. दोघांनी मिळून जोडी लावली. रंग जुळला, शिंगं जुळली, चाल जुळली. दिवाळी झाली अन् एका सकाळी कोंबड्या हाकलून छकडा बाहेर निघाला. बैल जुपले. देवसिंगनं डोक्याला लाल फेटा बांधला अन् छकड्यावर पाय ठेवला.

छकडा मागच्या अंगानं खाली बसला. पुढून जू वर उचललं गेलं, अन् दोन्ही बैलांच्या गळ्याखालचे पट्टे करकचून आवळले. पाखऱ्यानं मान वर करून असा आवाज काढला, की ओट्यावरच्या म्हाताऱ्याही उभ्या राहिल्या.

"उतरा भाटवे," इंद्रजीत म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याशी तो कधी वर तोंड करून बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "बैलाले फास बसून राह्यला."

"पट्टा लांब कर."

"पट्टा किती लांब करू? जमिनीले लावू काय? संक्रांतीनंतर पट हाये. तवरिक वजन उतरवा. जू वर गेलं नाई तं तुमीच धुरकरी. गेलं तं मी उभा राहीन. मह्या बैलाच्या गळ्याचा सवाल हाये."

आता देवसिंगपुढं काम उरलं एकच. पटाच्या दिवशी छकड्यावर आपणच उभं राहायचं. साळ्यानं धुरा धरला तर आयुष्यभर सासुरवाडी हसणार.

कामाला तो लागला, हे नाकारता येणार नाही. सकाळी उठून लिंबू-मधाचं गरम पाणी. ते पिऊन झालं की नेहमीचा चहा अन् बिस्किटाचा पुडा, कारण लिंबूपाणी हे औषध, त्याला नाश्ता कसं म्हणायचं? आठवड्यात दोन उपास धरले. उपासाला भाकर बंद. त्याऐवजी शेंगदाण्याच्या कुटात लोळवलेली साबुदाण्याची उसळ परातभर, वरून दही-साखर, दुपारी केळी, रात्री पुन्हा उसळ. उपासाचं खाल्लेलं अंगाला लागत नाही, असा त्याचा ठाम विश्वास. दुसऱ्या दिवशी उपास सोडायचा तो पुन्हा तुपानंच.

सकाळचं फिरणंही सुरू केलं. पायी हायवेपर्यंत. हायवेला कचोरीवाला उभा असतो. इतकं चालल्यावर माणसाला थकवा येतो, थकव्यावर दोन कचोऱ्या, वरून तर्री. येताना ओळखीची गाडी थांबवून परत. चालण्यानं जे काही उतरत असेल ते पहिल्या कचोरीच्या पहिल्या घासालाच परत येत होतं, बाकीची पावणेदोन कचोरी नफ्यात.

सगळ्यांत कडी म्हणजे फवारणीचा पोशाख. कपाशीवर औषध मारताना विष अंगावर येऊ नये म्हणून कृषी खात्यानं कधीतरी वाटलेला तो प्लास्टिकचा डगला. फवारणीच्या वेळी देवसिंगनं तो कधी घातला नाही, गरम होते म्हणून. आता तो घालून भर उन्हात अंगणात बसू लागला, गरम होते म्हणून. घाम निथळला की जिनिंगमध्ये जाऊन कापसाच्या काट्यावर उभा राहायचा. काटा खरंच थोडा खाली दाखवायचा.

"नमी निघाली," तो कापसातली ओल तपासणाऱ्या जिनिंगवाल्याला सांगायचा. "कापसाचं अन् मानसाचं सारखंच हाये."

घरी येऊन लोटाभर ताक प्यायला की नमी पुन्हा आपल्या जागी.

गंमत अशी, की हाच माणूस बैलाच्या बाबतीत तांड्याचा डॉक्टर. त्या आठवड्यात शेजारची सुखीबाई आली. तिचा बैल धापा टाकत होता.

देवसिंगनं बैलाच्या फऱ्यावर थाप मारली. "काम काय घेतं याच्याकून?"

"काम कायचं जी. दोन-चार सालापासून समदं ट्रॅक्टरनंच करतो."

"अन् ढेप?"

"पह्यल्यासारखीच टाकतो. आपला जीव हाये, उपाशी कसा ठेवू?"

"इथंच चुकलं तुहं," देवसिंग खाटेवर रेलून म्हणाला. "बैल वखर ओढते तवा ढेप जळते. बसल्या बैलाले तेवढीच ढेप टाकली तं थे जाईन कुठं? चरबी होऊन आंगावरच बसन. मंग उरावर येते, पायावर येते, बैल हापसते."

"मंग बंद करू ढेप?"

"येडी काय वं तू? एकदम बंद केली तं बैल मोडते. थोडी थोडी कमी कर, कडबा-हिरवं टाक, अन् रोज चालव. अन् घाई नको करू. दोन-चार सालात चढलेलं महिन्यात उतरवाले पाह्यशीन तं बैलच हातचा जाईन."

सुखीबाईनं त्याच्या पोटाकडं पाहिलं, मग बैलाकडं पाहिलं. "बरं बरं. अन् तुमाले कोन चालवते भाऊ?" असं म्हणून ती दावं धरून निघून गेली. देवसिंगला ते नीटसं लागलं नाही. दारात तुरी पाखडत बसलेल्या मोतीबाईचं सूप मात्र थोडा वेळ थांबलं.

दुसऱ्याच दिवशी मोतीबाई कापूस वेचता वेचता दोन ओळींमधल्या तासातच खाली बसली, अन् बसली ती उठेना. डोळ्यांपुढं अंधारी. इंद्रजीतनं पांढरकवड्याला दवाखान्यात नेलं, देवसिंग मागून गाडीवर. डॉक्टरबाई तरुण, पण तोंडाची तिखट. तिनं मोतीबाईला काट्यावर उभं केलं, उंची मोजली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग म्हणाली, "तुम्हीही या, काका. काटा मोकळाच आहे."

देवसिंगचं वजन पाहिलं, पोटाला टेप लावली, बोटातून साखर पाहिली. गुडघे दाबून पाहिले.

"तुमच्या घरात दोन माणसांचं वजन अगदी बरोबर आहे," ती म्हणाली, "फक्त वाटणी चुकली. काकांची साखर काठावर आली आहे, गुडघेही बोलायला लागलेत. अन् मावशींच्या अंगात रक्तच नाही. मावशी, तुम्ही रोज जेवता काय?"

"उरन थे."

"अन् काम?"

मोतीबाईनं काम सांगायला सुरुवात केली. शेण, पाणी, सैपाक, वेचणी, सरपण, पुन्हा सैपाक. डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबली. देवसिंगही ऐकत होता. त्याला ही यादी नवी होती.

"जेवढं अंगातून खर्च होतं तेवढं पोटात जात नाही, म्हणून त्या वाळल्या. तुमच्या पोटात जातं तेवढं खर्च होत नाही. दोघांनाही गोळी मी देईन, पण खरं औषध स्वयंपाकघरात आहे. मावशींना आराम अन् पोटभर जेवण."

"मंग वेचणी कोन करन जी? मजूर भेटत नाई," देवसिंग म्हणाला.

डॉक्टरबाईनं त्याच्या वजनाचा आकडा पुन्हा एकदा त्याच्यापुढं धरला.

त्या सांजेला ताट वाढलं गेलं. देवसिंग बसला. पुढं दीड भाकर, वांग्याची भाजी, डाळ, कांदा, मुळा. तूप नाही. समोर मोतीबाई स्वतःचं ताट घेऊन बसली. तिच्या भाकरीवर तुपाची धार होती.

"हे काय व्हय?"

"ढेप," मोतीबाई म्हणाली. "जो वखर ओढते त्याले. तुमीच सांगतलं ना सुखीले. थोडी थोडी कमी कराची, अन् रोज चालवाचं. उद्यापासून शेण-पाणी अन् वेचणी तुमच्याकडं."

"मी धुरकरी हाये."

"छकड्यावर राह्यले की मंग म्हना धुरकरी. आता तं नुसतेच ढेपकरी."

इंद्रजीत ओट्यावर होता. तो खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

पुढले दिवस देवसिंगनं कसे काढले ते तांड्याला तोंडपाठ आहे. कंबरेला ओटी बांधून तो कपाशीच्या तासात शिरायचा, अन् वाकला की पोट मांडीवर टेकायचं. बायका हसायच्या. "भाऊ, बोंड वेचून राह्यले का शोधून राह्यले?" पहिल्या आठवड्यात तो तासाच्या शेवटाला झोपून जायचा. मोटरसायकलची चावी मोतीबाईनं धान्याच्या कनगीत टाकली होती. कनगीत हात घालायचा तर आधी वाकायचं. त्यानं मग टपरीवर पायीच जायला सुरुवात केली, अन् जाणं इतकं जिवावर यायचं की खर्राही अर्ध्यावर आला. डगला पुन्हा खुंटीला लागला. घाम आता फुकटच येत होता, शिवाय कापूसही घरात येत होता.

मोतीबाई ओट्यावर बसून जेवायची. सुरुवातीला तिला पोटभर गिळवेना, इतकी वर्षं आतडं सवयीनं लहान झालेलं. मग हळूहळू गालावरचे खळगे भरले.

संक्रांत झाली. पटाच्या आदल्या सकाळी छकडा पुन्हा निघाला. देवसिंगच्या कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, गुडघ्यांनी कुरकुर सोडली होती, बोटातली अंगठी फिरत होती. फेटा बांधून तो मोठ्या ऐटीत चढला.

जू उचललं. पहिल्याइतकं नाही, पण उचललं.

"आता काय फास नाई बसत," देवसिंग घाईनं म्हणाला. "पाह्य, बैल चूप हायेत. एवढ्यानं काई होत नाई."

मोतीबाई पुढं गेली, पाखऱ्याच्या गळ्याखाली पट्ट्यात हात घातला अन् तसाच ठेवला.

"महा हात निघून नाई राह्यला," ती म्हणाली. "तुमीच पाहा."

देवसिंगनं वरून पाहिलं. हात अडकला होता. पाखऱ्या मुकाट उभा होता. मारक्या बैलापेक्षा मुकाट बैलाची कीव जास्त येते, हे बैलवाल्याला सांगावं लागत नाही. देवसिंग कुणी न सांगता खाली उतरला अन् कासरा साळ्याच्या हातात दिला.

"चाबूक नको मारू. त्याले हाकच पुरते."

"दोन महिने राबलो," तो मोतीबाईला म्हणाला. "तरी नाई उतरलं."

"किती वर्षं चढवलं? घाई केली तं बैल मोडते."

पट वणीकडच्या एका गावी होता. जनावरांच्या डॉक्टरनं जोडी तपासली, दात पाहिले, पाय पाहिले, कागदावर सही केली. "बैल फिट आहेत. अन् हे?" त्यानं देवसिंगकडं पेन दाखवला.

"हे निम्मे फिट हायेत," मोतीबाई म्हणाली. "उरलेले पुढल्या सालपर्यंत."

देवसिंगच्या वाट्याला आलं ते बैल सोडायचं काम. रेघेवर जोडी धरून ठेवायची, झेंडी पडली की सोडायची. झेंडी पडली. त्यानं सोडलं अन् सवयीनं चार पावलं बैलांमागं पळाला, मग आणखी चार, मग थांबायचं विसरूनच गेला. इंद्रजीत फेट्याचा शेमला उडवत पुढं निघून गेला. जोडी दुसरी आली. देवसिंग धुळीत उभा होता, धाप लागली नव्हती. त्याला ते कुणालातरी सांगायचं होतं.

मोतीबाई कचोरीच्या गाड्यापाशी सापडली. हातात पानावर दोन कचोऱ्या, वरून तर्री.

"मी असतो तं पह्यली आली असती जोडी," देवसिंग म्हणाला, अन् पानाकडं हात नेला.

मोतीबाईनं पान थोडं पलीकडं केलं.

"मले डॉक्टरबाईनं वजन वाढवाले सांगतलं हाये," ती म्हणाली अन् दुसरी कचोरी फोडली. "तुमी जा, बैलायले पानी दाखवा. पायीच जा."