मामांच्या पिशवीतली मोटार

चोराने हात चोळत परत जावं अशी गाडी लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा लातूरला राहतात. त्यांची मोटार जुनी, पांढरी, कुणी वळून बघावं अशी मुळीच नाही. पण ती उभी राहिली रे राहिली की मामा खाली उतरून तिचे दागिने उतरवू लागतात. आधी वायपर, मग उजवा आरसा, मग चाकांच्या व्हीलकॅप, शेवटी अँटेना. सगळ्याला हाताने फिरवून निघणारे नट त्यांनी हौसेने बसवून घेतलेत. हा ऐवज नायलॉनच्या मोठ्या पिशवीत जातो आणि ती पिशवी मामांबरोबर बँकेत, दवाखान्यात, कुणाच्या दहाव्यालासुद्धा जाते. एकदा मुरुडला आम्ही चहाला थांबलो, तर माझा चहा संपला तरी मामा शेवटच्या चाकाशी झटत होते. मी कुरकुरलो. म्हणाले, "गाडी सोडली की ती गावाची, जावईबापू. पिशवीत हाय तेवढी आपली."

डावा आरसा मात्र पिशवीत जात नाही. तो रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आत, पोटाशी. त्याच्या कोपऱ्यात मामींची टिकली आहे. कुठेही उतरण्याआधी मामी त्या आरशात बघून टिकली बदलायच्या आणि जुनी तिथेच चिकटवून ठेवायच्या. मामी गेल्या, आणि थोड्याच दिवसांत नांदेडच्या बाजारात कुणीतरी मामांच्या गाडीचा उजवा आरसा आणि वायपर काढून नेले. डावा वाचला तो केवळ नशिबाने. पिशवी तेव्हापासूनची.

माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न मुखेडला होतं. गुरुजींनी मुलीच्या मामाला पुकारलं, तसे मामा एका हाताने नवरीला आणि दुसऱ्या हाताने पिशवीला धरून मांडवात आले. अक्षता पडल्या. त्या गडबडीत कुणीतरी पिशवी उचलून आहेराच्या ढिगात ठेवली, आणि माइकवाल्याने आत डोकावून, आवाज चढवून जाहीर केलं की मुलीच्या मामांकडून वधूवरांस दोन वायपर आणि एक आरसा. सगळा मांडव खदखदून हसला. मामा शांतपणे स्टेजवर चढून गेले, "आहेर न्हाई, गाडी हाय माझी," एवढं बोलले आणि पिशवी घेऊन खाली आले. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला आणि वाईट वाटलं.

नवरी निघायच्या वेळी हसणाऱ्यांचे चेहरे बदलले. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी दारात, पण तिला ना आरसे ना वायपर. पटांगणातल्या बऱ्याच गाड्यांची तीच गत, लग्नाच्या गडबडीत चोरांनी हात मारलेला. आभाळ अवकाळीने भरून आलेलं, वाट माहूरकडच्या घाटाची. ड्रायव्हर अडून बसला, "आरशाबिगर म्या गाडी काढीत न्हाई." नवरी दारात ताटकळत उभी.

मग मामा आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. नवरदेवाची गाडी मामांच्याच गाडीच्या बनावटीची निघाली. पिशवी उघडली, वायपर बसले, उजवा आरसा बसला. मघाशी हसणारे पाहुणे आता अदबीने नट धरून उभे. डाव्या बाजूला आल्यावर मात्र मामांचा हात सदऱ्यात गेला आणि तिथेच राहिला. नवरीने ओळखलं.

"मामा, तो मामीचा हाय. ऱ्हाऊ द्या."

मामांनी रुमाल सोडला, आरसा बसवला, नट घट्ट आवळला.

"तुला वाटंला लावाया ती आलीच असती की. जाऊ दे तिला."

नवरदेवाच्या वडिलांनी मामांना टॉवेल-टोपी दिली. माइकवाल्याने कुणी न सांगता मामांचं नाव पुकारलं आणि बँड पुन्हा सुरू झाला. मामांची छाती सदऱ्यात मावेना. लातूरला परत येताना मागून ट्रक येतोय का हे मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगत होतो, आणि मला त्याचाही अभिमान वाटत होता.

लग्नानंतरच्या पाचपरतावणाला मेहुणी माहेरी आली ती मामांचे वायपर आणि उजवा आरसा पिशवीत घेऊन. डावा आरसा तिने साडीच्या घडीत आणला होता. मामींच्या टिकलीशेजारी तिने आपली एक लावलेली.

तो आरसा आता पुन्हा जागेवर आहे, पण रस्त्याकडे नाही, डाव्या सीटकडे वळवलेला. परवा मी तो सरळ करायला हात लावला, तर मामा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. तो चालवणाऱ्याचा न्हाई, बसणारीचा हाय." मी हात मागे घेतला आणि सीटवर जरा अंग चोरून बसलो.