रुखमाबाईचं उपाशीपोटीचं रक्त

दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापूस वाहून रुखमाबाईनं लेकीला शिकवलं, आणि लेक शिकली ती थेट हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली. शिकवू नये असं नाही. पण शिकलेली लेक वर्षातून एकदाच दिसते, हे आधी कोणी सांगत नाही.

या खेपेला दीपमाला आली तीही कामासाठी, एका रात्रीपुरती. वस्तीतल्या राजी असलेल्या बायांचं रक्त तिला न्यायचं होतं, आणि तेही रात्रभर उपाशी राहून दिलेलं.

"कायले वं?" रुखमाबाईनं विचारलं.

"औषध रक्तात एकटं नाही फिरत, माय. चरबीच्या बारीक कणांवर बसून जाते. उंदराच्या रक्तात एका जातीचे कण जास्त, माणसाच्या रक्तात दुसऱ्या जातीचे. म्हणून उंदरात जसं वागलं तसंच माणसात वागीन, असं नाही. उंदीर, ससा, कुत्रा पाहून झाले. आता माणूस."

"म्हणजे माह्यं रक्त कुत्र्याच्या बाजूले ठेवशीन?"

दीपमाला खळखळून हसली, आणि रुखमाबाईचा जीव तुटला. असं हसू कधीकाळी या घरात रोजचं होतं. लेक मग शेजारच्या इंदुताईला बजावू लागली, "काही खाल्लं तर रक्त बाद, काकू. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागीन." बाकीचं शास्त्र राहो, एवढं मात्र रुखमाबाईनं नीट कान देऊन ऐकलं.

पहाटे लेक झोपेत असताना तिनं शिळी पोळी वाटीभर तुपात कालवून खाल्ली. चोरी म्हणा हवं तर. तिला लेकीचा एक दिवस हवा होता.

सकाळी सगळ्यांचं रक्त घेऊन दीपमाला गावातल्या लॅबमध्ये गेली. यंत्रात फिरवल्यावर बाकीच्यांच्या नळ्यांत वर पिवळसर पाणी आलं, आईच्या नळीत ताकासारखं पांढरं. घरी येऊन ती बर्फाच्या पेटीत नळ्या रचू लागली.

"उद्या पुन्हा घेशीन ना?"

"राहू दे, माय. बाकीच्यांचं पुरते मले. तुह्यं टाकून द्यावं लागलं."

दुपारी बसच्या खिडकीशी उभं राहून रुखमाबाईनं लेकीच्या मांडीवरच्या बर्फाच्या पेटीकडे बोट केलं. "हे किती दिवस ठेवतेत तिकडं?"

"वर्षानुवर्षं. माह्या टेबलामागंच फ्रीज आहे."

म्हणजे इंदुताईचं रक्त लेकीजवळ राहणार, आणि जन्मदातीचं तेवढं फेकलं गेलं. रुखमाबाईला रडू आवरेना. "मी खाल्लं वं. एक दिवस राहशीन म्हणून."

"मले माहीत आहे," दीपमाला म्हणाली, आणि बस सुटेपर्यंत तिनं आईचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईनं चहासुद्धा ठेवला नाही. ऊन ओट्यावर येईपर्यंत ती पोटात पाण्याशिवाय काही न घालता बसून राहिली. रक्त घ्यायला कोणी येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.