आज्याच्या मानेखालची गाठ

बायको गेल्यापासून बाजार मीच करतो. आज आडत दुकानासमोर एका म्हाताऱ्या हमालानं घाम पुसायला सदरा काढला आणि मी जागीच थिजलो. त्याच्या मानेखाली लिंबाएवढी गाठ होती. अगदी माझ्या आज्याला होती तशी.

"ही जन्माची का?" मी विचारलं.

"जन्माची कशाची, बाबा? पोत्यांनी दिली."

माझा आजा पण हमालच. त्याच्या मजुरीवर आम्ही नऊ माणसं जगलो. पण ती गाठ त्याच्या अंगाचीच, असं मी सत्तर वर्षं धरून चाललो होतो. लहानपणी त्याच्या पाठुंगळी बसलो, की तीच गच्च धरायचो. दुखतं का, आज्या, असं एकदाही विचारलं नाही.

"धर नीट, पडशील," एवढंच तो म्हणायचा.