ताटाबाहेर पडलेला फासा

आज दुपारी आमच्या ऑनलाइन गेममध्ये सागरचं पात्र मेलं. फाशांच्या आकड्यांवर पुढे सरकणारा हा गोष्टीचा खेळ मी, सागर आणि पल्लवी असे आम्ही तिघं कॉलेजपासून खेळतोय. गोष्ट मी सांगते, निकालही मीच देते.

सागर अंबडला राहायचा तेव्हा आम्ही त्याच्या घरी स्टीलच्या ताटात फासे टाकायचो. फासा ताटाबाहेर पडला की बाद, परत टाकायचा. हा नियम माझ्या आईचा. शाळेत घालण्याआधी तिने मला सारीपाटावरच बेरीज शिकवली होती.

फासा बाद होण्यात तसा कुणाचा फायदा नव्हता, कारण चांगला आकडाही बादच व्हायचा. पण सागर सोफ्याखाली फासा शोधेपर्यंत पल्लवीला वाचण्याची काहीतरी युक्ती सुचायची.

आता सागर नोकरीसाठी चेन्नईला आहे, म्हणून फासे बॉट, म्हणजे एक प्रोग्राम, टाकतो. आज त्याचं पात्र कड्याला लोंबकळत होतं. त्याने बटण दाबलं आणि लगेच एक आला, सगळ्यात वाईट आकडा. पात्र दरीत पडलं.

"अगं थांब, माझ्याकडे दोर आहे ना," पल्लवी म्हणाली.

"आकडा आलाय," मी म्हणाले.

"जाऊ दे पल्लवे, गेलो मी," म्हणत सागरने कॅमेरा बंद केला.

तेव्हापासून मला वाईटही वाटत नाहीये आणि बरंही नाही. नियम पुन्हा वाचून पाहिला. माझा निकाल बरोबर आहे.

ताटाचा नियम बॉटमध्ये घालता येईल. पण फासा शोधायला लागायचा तो वेळ तुम्ही ऑनलाइन कसा देता? आणि माझ्या जागी तुम्ही असता, तर आकडा आल्यावर सुचलेला दोर चालवून घेतला असता का?