मधली नजर

माझ्या सासूबाईंना कशाचीच भीती वाटत नसे. आज हे मी कौतुकानं सांगते, पण तेव्हा त्याचा मला फार राग यायचा.

मी तलासरीची. वडील सरकारी नोकर, त्यामुळे घरात सगळं विचारून-सवरून चाले. लग्न होऊन गुजरातच्या वेशीवरच्या झाईला आले, तर इथे सासूबाई कुणालाच काही विचारत नसत. सासरे गेल्यावर चिकूची वाडी त्यांनीच सांभाळली होती. व्यापाऱ्यांशी गुजरातीत भांडायच्या, आमच्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे त्याच जिंकायच्या. मधुमेह जुना होता. रोज सकाळी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरायच्या. रंग निळा राहिला की स्वारी खूश. विटकरी झाला की म्हणायच्या, औषधच जुनं झालंय.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. डहाणूला डोळ्यांचे एक डॉक्टर येत असत. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, छोट्या दिव्यानं आत पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या वाढताहेत, मुंबईला दाखवा. घाई करा असंही ते म्हणाले असतील. आम्ही ऐकलं ते एवढंच, की आत नवीन वाढ आहे.

आता हे पडलं बागायतदारांचं घर. वठलेल्या फांदीला पालवी दिसली की झाडानं जीव धरला, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा डोळ्यात नवीन वाढ म्हणजे डोळा सुधारतोय, असं सगळ्यांनी धरून टाकलं. माझे यजमान त्यात, मीही त्यात. सासूबाईंनी विवळवेढ्याला जाऊन महालक्ष्मीची ओटी भरली आणि घरी शिरा करायला लावला. मुंबईचं मग चिकूच्या तोडणीचा जोर ओसरला की बघू, असं ठरलं.

तो ओसरायच्या आतच एका सकाळी त्यांचा उजवा डोळा आतून रक्तानं भरला. बाहेरून डोळा जसाच्या तसा होता. त्या मात्र म्हणाल्या, आधी लाल दिसत होतं, आता काहीच दिसत नाही. त्याच दिवशी आम्ही त्यांना घेऊन मुंबई गाठली.

तिथल्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर वयानं तरुण होता, पण घाईत नव्हता. कागदावर डोळा काढून त्यानं सासूबाईंनाच समजावलं, आम्हाला नाही, हे मला फार आवडलं. साखरेमुळे पडद्याच्या जुन्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात, पडदा उपाशी राहतो, आणि त्या उपासापोटी नव्या वाहिन्या फुटू लागतात. पण त्या इतक्या कच्च्या असतात की कधीही रक्त गळतं. उजवा डोळा गेल्यात जमा होता आणि डाव्यातही तेच सुरू होतं. यजमान शिऱ्याची आठवण होऊन मान खाली घालून बसले. सासूबाईंनी कागदावरचा तो डोळा जवळ ओढून पाहिला.

"मरायला टेकलेला आंबा असाच मोहोरतो," त्या म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं."

इस्पितळात तेव्हा एक नवं यंत्र आलं होतं. प्रखर दिव्याचा झोत बाहुलीतून आत सोडायचा आणि पडद्याची कड ठिकठिकाणी भाजून काढायची. भाजलेला भाग कायमचा जाणार, त्याला दिसणार नाही. पण उपाशी भागच उरला नाही तर नव्या वाहिन्या सुकतील आणि मधली नजर वाचेल, अशी आशा. आजूबाजूचं दिसणं कमी होईल, संध्याकाळी अडखळायला होईल आणि एवढं करून गुण येईलच असं नाही, हेही डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. सोबत आलेले धाकटे दीर उसळले. उरलेल्या एकुलत्या डोळ्यात आग घालायची, हे त्यांच्या गळी उतरेना. सासूबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"डॉक्टर, कड गेली तर गेली. मधलं ठेवा."

भुलीचं इंजेक्शन डोळ्याच्या मागे दिलं. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला थोडं दिसलं. झोत पडे, डॉक्टर थांबे, नीट बघे, मग पुन्हा झोत. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. सासूबाईंनी खाटेची कड घट्ट धरली होती आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. इतक्या हट्टी बाईचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

घरी आल्यावर त्या दाराच्या चौकटींना धडकू लागल्या. हंडे लाथाडले जात, आणि हंडा तिथे ठेवणाऱ्याचा उद्धार होई. दिवेलागणीनंतर अंगणातही उतरत नसत. पण दिवसा चिकू निवडायला बसत आणि कच्चं फळ आमच्या आधी बाजूला काढत. तरी धाकधूक होतीच, कारण आतलं काय ते आम्हाला कुठे दिसत होतं?

काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरनं डाव्या डोळ्यात फार वेळ पाहिलं. मी त्याच्या मागे उभी होते. शेवटी तो सरळ झाला आणि म्हणाला, वाहिन्या सुकल्या आहेत, आजी, ही नजर राहील. मी तोंडावर पदर धरला. आवाज मुळीच केला नव्हता.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"रडायचं तर बाजूला हो," त्या म्हणाल्या. "समोरचं सगळं दिसतं मला."