घरमालकांचा कोंडा

खडूने चित्रं काढणाऱ्या माणसांचं जगात कुठे स्वतंत्र राज्य असतं, तर त्याची राजधानी धसई असती आणि गादीवर आमचे घरमालक बसले असते. शेजारच्या राज्यांतले तैलरंगवाले आणि जलरंगवाले दरवर्षी नजराणे घेऊन आले असते आणि घरमालकांनी ते दारातूनच परत पाठवले असते. ब्रश धरणाऱ्या माणसावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "ब्रश म्हंजे काठी हो मास्तर," ते मला सांगत. "काठीनं ढोरं हाकायची. रंगाला बोटानं हात लावायचा असतो." आणि हे सांगता सांगता ते बोट माझ्या शर्टाच्या बाहीला पुसत. काल घरमालकांनी उगवतीचं आभाळ काढलं की मावळतीचं, हे माझ्या वर्गातली मुलं माझ्या बाहीवरून ओळखायची.

मी मूळचा शहापूरचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धसईच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो आणि बाजाराच्या टोकाला असलेल्या भातगिरणीच्या मागची खोली घेतली. गिरणीचे मालक तेच माझे घरमालक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या भुवया, मिशा आणि कानांवरचे केस कोंड्याने पांढरे झालेले होते आणि दहाही बोटं निळी होती. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, शाकाहारी असल्याचंही सांगून टाकलं. त्यातलं त्यांनी काहीही ऐकलं नाही. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तुमी सावळे नाय हो. जांभळे हाव. बसा जरा उजेडात." मी हातातली वळकटी खाली न ठेवता अर्धा तास उजेडात बसलो. त्या चित्रात मी खरोखरच जांभळा आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण हुबेहूब आहे.

त्यांच्या खडूला शहरातले लोक पेस्टल म्हणतात. रंगाची भुकटी डिंकाच्या पाण्यात मळायची, कांड्या वळायच्या आणि वाळवायच्या, की झाला खडू. चित्र काढताना पाणी नाही, तेल नाही. कागदावर घासला की रंगाची नुसती धूळ बसते. मुंबईचे खडू घरमालकांना पसंत नसत, म्हणून ते घरीच वळत, आणि डिंकाऐवजी वापरत भाताची पेज. कुठल्या तांदळाची पेज कुठल्या रंगाला मानवते, यावर त्यांनी जेवढा विचार केला होता तेवढा मी बीएडच्या परीक्षेतही केला नव्हता. झिनीच्या पेजेत निळा मऊ राहतो, कोलमच्या पेजेत पिवळा ठिसूळ होतो, आणि नव्या तांदळाची पेज लाल रंगाला अजिबात सोसत नाही. गिऱ्हाईक भात भरडायला घेऊन आलं, की ते दोन दाणे दाताखाली फोडत, डोळे मिटत आणि गंभीरपणे म्हणत, "ह्याच्यात हिरवा झ्याक होईल. थोडे ठेवून जातंस का?" लोक ठेवूनही जात. काकूंना, म्हणजे घरमालकीणबाईंना, मात्र या विद्येचा भयंकर राग. रोज सकाळी चुलीवरची पेज गिरणीत जायची आणि घरची माणसं कोरडा भात गिळायची. एकदा सुपात वाळत घातलेल्या खडूंपैकी नेमके निळे तेवढे उंदरांनी खाल्ले. काकूंनी मांजर आणायचं म्हटलं, तर घरमालकांनी साफ नकार दिला. "सात रंग समोर हायेत, त्यातला निळा वळखला त्यानं. असा जाणकार मारायचा काय?"

चित्रावर मारायला एक फवारा मिळतो. त्याने रंगाची धूळ कागदाला घट्ट धरून राहते. नाहीतर काच लावतात. घरमालकांना दोन्ही नामंजूर. फवारा मारला की रंग मरतो आणि काच लावली की माणूस चित्र सोडून आपलंच तोंड बघतो, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांचं चित्र एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हलवणं. मी शहापूरच्या वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा माळशेज घाटाची सव्वीस चित्रं एकावर एक ठेवून, मध्ये पातळ कागद घालून, लांब फळीवर आडवी बांधली, वर पांढरी चादर टाकली आणि ती फळी गिरणीतले दोन हमाल, घरमालक आणि मी अशी चौघांनी खांद्यावर घेतली. मुरबाडच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो तर माणसं आपोआप बाजूला व्हायला लागली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. एका बाईने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. शहापूरच्या गाडीचा कंडक्टर हळू आवाजात म्हणाला, "कोण गेला?" घरमालक फळी न हलवता म्हणाले, "कोण गेला नाय. माळशेज हाय." त्यावर कंडक्टरने मागची अख्खी सीट मोकळी करून दिली. त्याला काय समजलं ते देव जाणे.

प्रदर्शन तीन दिवस चाललं आणि गर्दीही चांगली झाली. पण उद्घाटनाला आलेले एक बडे पाहुणे माइकवर हसत म्हणाले, "लहान मुलांच्या खडूने आपले हे शेतकरी बंधू छान विरंगुळा करतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरमालकांनीही वाजवल्या, आणि मग दोन दिवस सभागृहाच्या बाहेरच बसून काढले. तिसऱ्या दिवशी आटगावला नातेवाइकांकडे आलेल्या एक बाई प्रदर्शन बघायला आल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, आणि त्यांचीही बोटं रंगाने माखलेली. घरमालकांनी त्यांची बोटं पाहिली, त्यांनी घरमालकांची पाहिली, आणि ओळख करून द्यायचं माझं काम वाचलं. त्यांना सगळे ताई म्हणत. पेस्टलवाल्यांचा एक गट दर हिवाळ्यात कुठेतरी जमतो, चार दिवस बरोबर चित्रं काढतो, आणि त्यानंतर मुंबईत फक्त पेस्टलचं प्रदर्शन भरतं, त्यातली चित्रं ताई निवडतात, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्या दिवसापासून घरमालकांना एकच ध्यास लागला. आपलं एक चित्र त्या भिंतीवर लागलं पाहिजे. विरंगुळा म्हणून नाही, शेतकरी बंधू म्हणून नाही. चित्र म्हणून.

मग ते दरवर्षी त्या मेळाव्यांना जाऊ लागले, आणि मलाही नेऊ लागले, कारण फळीला दुसरं टोक असतं. तिथे बाकीचे लोक परदेशी खडूंच्या लाकडी पेट्या उघडून बसत. आमचे घरमालक सूप मांडून बसत. सुपात पेजेचे खडू, आणि येईल त्याला मूठभर देणं चालू. एका गृहस्थांनी खडू हातात फिरवून विचारलं, "कंपनी कुठली?" घरमालक अभिमानाने म्हणाले, "झिनी." गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. मेळावा संपताना ते उभे राहून सगळ्यांना आमंत्रण देत: पुढच्या खेपेला धसईला या. लोक हसून हो म्हणत आणि दुसरीकडे जात. निवडीच्या वेळी ताई दरवर्षी त्यांच्या चित्रासमोर थांबत, बराच वेळ बघत आणि म्हणत, "अजून थोडं." हे "अजून थोडं" त्यांनी पाच-सहा वर्षं पचवलं.

शेवटी नवं शतक उजाडून तीन-चार वर्षं झाली आणि मेळावा धसईला आला. बावीस माणसं. घरमालकांनी आठवडाभर गिरणी बंद ठेवली, झाडून घेतली आणि भिंतींवर चित्रं मांडली. मधोमध एका उतरत्या फळीवर ठेवलं होतं त्यांचं अकरा महिन्यांचं काम. गिरणीच्या ओट्यावर सुपात तांदूळ पाखडणारी बाई, तिच्यावर दारातून आलेलं तिरपं ऊन, आणि त्या उन्हात उडालेला कोंडा. बाई म्हणजे काकूच, पण तोंड कोंड्याआड झाकलेलं. तो कोंडा त्यांनी कागदावर घासला नव्हता. खडू किसून त्याची भुकटी वरून चिमटीने सोडली होती. दाबली का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दाबला म्हंजे बसतो. मंग तो उडंल कसा?" चित्र उभं केलं तर भुकटी घरंगळायची, म्हणून ती उतरती फळी. ताईंनी आल्या आल्या ते पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. घरमालक माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, अवंदा थोडं राह्यलं नाय."

मेळाव्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाहुण्यांना चित्रं काढायला शेतावर घेऊन गेले आणि गिरणी माझ्यावर सोपवली. गावातली माणसं प्रदर्शन बघायला येणार होती. मी दाराशी उभा राहून आमच्या मुख्याध्यापकांना पेस्टल म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. चांगला पाऊण तास सांगितलं. आत काय चाललंय तिकडे माझं लक्षच नव्हतं. आता, या भागात तांदूळ बघायची एक रीत आहे. गिरणीतून निघालेला तांदूळ तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा आणि फू करून कोंडा उडवायचा. मग दाणा दिसतो. आयुष्यभर त्याच गिरणीत, त्याच जागी हे करत आलेली माणसं फळीसमोर आली, कोंडा बसलेला पाहिला, आणि फू केलं. एकाने नाही. रांगेने, एकेकाने. मी आत गेलो तेव्हा चित्रातला कोंडा जमिनीवर होता आणि कागदावर काकूंचं तोंड स्वच्छ, उघडं दिसत होतं. सहा वर्षांची वाट, अकरा महिन्यांचं काम, आणि राखण करणारा मी.

घरमालक आले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानेच त्यांना सांगितलं, "कोंडा बसलेला दिसला रं, म्हून फुकला. तुजी गिरण, तुज्या बायकोच्या तोंडावं कोंडा, बरा दिसतो काय?" घरमालक चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "किती जनांनी फुकला?" "सगळ्यांनी," मी म्हणालो. "सगळ्यांनी?" त्यांचा चेहरा उजळत गेला. ते वळले आणि पाठोपाठ आलेल्या बावीस चित्रकारांना, ताईंना, मुख्याध्यापकांना, दिसेल त्याला सांगत सुटले: "पन्नास पन्नास वरसा कोंडा गिळलेली मानसं ही! कोंड्यात यांना कोण फसवील? मी फसवली! खडूनं फसवली!" असा अभिमान मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही, स्वतःचं चित्र उडून गेलेल्या माणसाच्या तर नाहीच.

ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कोंडा पुन्हा टाका. उद्या दुपारच्या गाडीने मी हे मुंबईला नेणार." म्हणजे निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच घरमालक खडू किसून फळीसमोर बसले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचं एकही चित्र नीट थांबून पाहिलं नव्हतं. त्या थांबल्या.

"ही मी काय?"

"तूच गो."

"नाक जरा मोठा काढलाव." त्या वाकून बघत राहिल्या. "पन बरी हाय. आता तोंडावं कोंडा टाकताव व्हय परत? जल्मभर बसतोच हाय."

घरमालकांच्या चिमटीत भुकटी होती. ती त्यांनी बराच वेळ धरून ठेवली आणि मग परत वाटीत सोडली. दुपारी ताईंना म्हणाले, "हे नाय देत. हे तिला आवडला." ताईंनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि आग्रह केला नाही. त्या वर्षीचं मुंबईचं प्रदर्शन आमच्या घरमालकांवाचून भरलं.

पुढच्या वर्षी मात्र त्यांचं चित्र लागलं. गिरणीचं दार, ऊन आणि कोंडा, कागद ठेवून दाबून बसवलेला, आणि तिथल्या नियमाप्रमाणे काचेआड. आम्ही तिघं गेलो. मोठं, थंडगार दालन, माणसं हात पाठीमागे बांधून हळूहळू फिरत होती. चित्रासमोर थांबत, "वा" म्हणत, पुढे जात. चित्राखाली नावाची पाटी होती आणि त्यात शेतकरी, विरंगुळा असलं काही लिहिलेलं नव्हतं. मी ती चार वेळा वाचली आणि त्यांना मोठ्याने वाचूनही दाखवली. घरमालक मात्र चुळबुळत होते. "मानसं चांगली हायेत मास्तर," ते शेवटी म्हणाले. "पन कोण फुकत नाय." काकूंनी ते ऐकलं. त्या पुढे झाल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि चित्रावर जोरात फू केलं. काचेवर वाफ धरली. रखवालदार धावत आला, "बाई, हात लावायचा नाही." "हात कुठं लावला?" काकू म्हणाल्या. "कोंडा व्हता." घरमालक त्या दिवशी दालनात जसे ताठ चालले तसे ते गिरणीत कधी चालले नव्हते.

त्यानंतर त्यांची चित्रं आणखी तीन-चारदा मुंबईला लागली, आणि बड्या लोकांनी त्यांच्याबद्दल बडं बडं लिहिलं. काकूंना पुन्हा यायला मिळालं नाही. दुसऱ्या प्रदर्शनाच्या आधीच त्या गेल्या. आता आम्ही दोघंच जातो. दालन रिकामं होत येतं, दिवे मालवायला माणूस येतो, मी म्हणतो, "चला, निघू या." घरमालक आपल्या चित्राशेजारच्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले असतात. "थांबा ना मास्तर," ते म्हणतात, "कोण फुकतो काय बघू."