ताईच्या हातचा भात

ताई गेल्याचं मला अकोल्याहून तिच्याकडे शिकणाऱ्या वंदनाताईंनी फोनवर सांगितलं. "भाऊ, मॅडम सकाळी उठल्याच नाही..." मी अमरावतीत दुकानाचं शटर उघडत होतो. ते तसंच अर्धं ठेवून निघालो. बडनेऱ्यापर्यंत काही सुचलं नाही. पुढे मात्र सारखं एकच आठवत राहिलं, आईच्या तेरवीचा दिवस.

सुमनताई माझी थोरली बहीण. मुंबईच्या एका जपानी हॉटेलात ती सुशी करायची. सिरका घातलेला चिकट भात, आत काकडी नाहीतर मासा, वरून समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा. त्या भाताच्या पाठी तिनं उभं आयुष्य घातलं. आम्ही माळकरी घरातले. लोकांना मी सांगायचो, ताई हॉटेलात मॅनेजर आहे.

आईच्या तेरवीला ती पहाटेच अंघोळ करून, पदर खोचून स्वयंपाकघराशी आली. मी दारातच म्हणालो, "ताई, तू आज आत नको येऊ. कच्च्या माशाचे हात... लोक बोलतील." लोक काहीच बोलले नव्हते. काकू तर तिला विळी देत होती. मीच आधी बोललो. ताईनं हात पदराला पुसले आणि ओसरीत जाऊन बसली. त्यानंतर ती माझ्याकडे अनेकदा आली, पण पाणीसुद्धा बाहेरच्या खोलीत मागायची. रागावली असती तर बरं झालं असतं.

गुडघे गेल्यावर ती अकोल्याला राहायला आली. तिथल्या पापड-कुरड्या करणाऱ्या बचत गटाच्या बाया तिच्या मागे लागल्या, आमाले तुमचं काम शिकवा म्हणून. एकदा मी तिची औषधं द्यायला गेलो, तेव्हा समाजमंदिरात वर्ग भरला होता. बायांनी हौसेनं भात केलेला, आणि सवयीनं त्यात चमचाभर तेल सोडलेलं. शीत न् शीत मोकळं. ताईनं गुंडाळी कापली तशी ती ताटभर सांडली.

"माय व, एवढा सुंदर भात कोनं केला?" ताई हसत होती. "आज बिघडवाचा हाय."

"मॅडम, असा गिचगोळा भात केला तं सासू ताट सरकवते," वंदनाताई म्हणाल्या.

"मंग पुढच्या खेपेले सासूले घेऊन ये. पयला घास तिलेच देऊ."

दुसरा भात जमला. ताईनं एक तुकडा माझ्यापुढे धरला. "काकडीच हाय रे राजू."

"आज चतुर्थी आहे," मी म्हणालो. चतुर्थी नव्हती. ताईला तिथी तोंडपाठ असायच्या. तिनं तुकडा स्वतःच खाल्ला. घरी ये, आमच्या स्वयंपाकघरात कर, मी खाईन... हे वाक्य मी परतीच्या वाटेवर कितीदा तरी जुळवलं. तिला म्हटलं कधीच नाही.

तिची तेरवी मी माझ्याच घरी केली. वंदनाताई आणि त्यांच्या बाया पहिल्या बसनं आल्या आणि थेट आत निघाल्या. काकूनं मला बाजूला घेतलं. "राजू, ह्या बाया मासे हाताळतात म्हने. कसं करतो?" ती खरंच विचारत होती. मी सांगेन तसं झालं असतं.

"करू द्या त्याइले, काकू. ताईनं शिकवलेल्या आहेत."

एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला... पण ऐकायला ताई नव्हती.

मी ओसरीत पाहुण्यांना पाणी देत होतो. आतून टाळी ऐकू आली. एकच. मग आणखी एक. पाहुणे चपापले. तेरवीच्या घरात टाळी कसली? मी आत डोकावलो. वंदनाताई वडे थापत होत्या. पाण्यात हात बुडवायचे, एक टाळी मारून जास्तीचं पाणी उडवायचं आणि मग पीठ घ्यायचं.

"मॅडमची सवय, भाऊ," त्या म्हणाल्या. "भाताले हात लावायच्या आंधी त्या अशाच करत. आमाले बी लागली."

शेजारी काकू बसली होती. तिनं पाण्याच्या वाटीत बोटं बुडवली, जरा थांबली आणि हलकेच टाळी वाजवली.